दुधात उतरलेले भांडे

शाळेत विज्ञान शिकलेल्या प्रत्येकाने एक प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो: ‘भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.’ उत्तरही पाठ असते. बर्फ वितळला, मीठ पाण्यात विरघळले, काच फुटली, हे भौतिक बदल. लाकूड जळले, लोखंड गंजले, दुधाचे दही झाले, हे रासायनिक बदल. दोन गुण मिळतात आणि वही मिटते.

वही मिटली तरी तो प्रश्न स्वयंपाकघरात रोज नव्याने उभा राहतो. तिथे त्याचे उत्तर चुकले तर गुणांपेक्षा जास्त काही जाऊ शकते. महाराष्ट्रात आणि देशाच्या इतर भागांत एके काळी लहान मुलांचा बळी घेणाऱ्या एका यकृतविकाराची गोष्ट याच फरकाशी येऊन थांबते. त्या गोष्टीत दूध आहे, पितळेचे पातेले आहे आणि पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी आयांना विचारलेला एक साधा प्रश्न आहे.

फरक नेमका कशात?

दुधात साखर घातली आणि ढवळली की ती दिसेनाशी होते. दिसत नसली तरी ती साखरच असते. दूध गोड लागते हाच त्याचा पुरावा. साखरेच्या पाण्यातले पाणी आटवले की साखर पुन्हा हाती लागते. साखरेचे कण फक्त एकमेकांपासून सुटे होऊन पाण्यात पसरलेले असतात. हा भौतिक बदल. पदार्थाचे रूप, आकार, अवस्था बदलते, पण पदार्थ तोच राहतो.

तीच साखर कोरड्या कढईत तापवली तर आधी वितळते, मग तांबूस होते, शेवटी काळी पडून कडू लागते. आता ती कितीही थंड केली, पाण्यात घातली, तरी पांढरी साखर परत मिळत नाही. साखरेच्या रेणूंची मोडतोड होऊन दुसरेच पदार्थ तयार झालेले असतात. हा रासायनिक बदल.

‘उलटवता येतो तो भौतिक, उलटवता येत नाही तो रासायनिक’ अशी सोपी खूणगाठ अनेक जण बांधतात. ती बऱ्याचदा चालते, पण नेहमी नाही. फाटलेला कागद पूर्ववत होत नाही, तरी तो कागदच असतो. उलट काही रासायनिक बदल सहज मागे फिरतात. त्यामुळे खरी कसोटी एकच: नवा पदार्थ तयार झाला की नाही?

नवा पदार्थ तयार झाल्याच्या खुणाही शिकवल्या जातात. रंग बदलतो, वास येतो, वायू सुटतो, उष्णता बाहेर पडते, साका तळाशी बसतो. अडचण अशी, की या सगळ्या खुणा डोळे, नाक, जीभ आणि हाताला जाणवण्यावर अवलंबून आहेत. काही रासायनिक बदल इतके गुपचूप होतात, की यांपैकी एकही खूण मिळत नाही.

‘कळकणे’ म्हणजे काय?

मराठी घरांना एक रासायनिक बदल पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि त्याला खास शब्दही आहे: कळकणे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक, दही, चिंचेची आमटी किंवा कोकमाचे सार राहिले, की काही तासांत त्याला तुरट, मळमळ आणणारी चव येते. ‘ताक कळकलंय, टाकून दे,’ असे आजी म्हणत असे.

यात घडते ते असे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तांबे सोन्यासारखे अगदी निर्विकार नाही, तरी बरेच शांत आहे. नुसत्या आंबट पदार्थाने ते सहजासहजी विरघळत नाही. मात्र हवेतला ऑक्सिजन मदतीला आला की गोष्ट बदलते. ऑक्सिजन तांब्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर तयार करतो आणि आंबट पदार्थातले आम्ल तो थर विरघळवून टाकते. खाली नवे तांबे उघडे पडते, त्यावर पुन्हा थर चढतो, तोही विरघळतो. या प्रवासात तांब्याचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन गमावतो. चकचकीत धातू राहत नाही. त्याचा विद्युतभारित कण, म्हणजे आयन बनतो आणि अन्नात मिसळतो. साखर दुधात विरघळली तरी साखरच राहते. भांड्यातले तांबे ताकात उतरते तेव्हा मात्र ते धातूरूप तांबे राहिलेले नसते. ते ताक आटवून तळाशी तांब्याचा चकाकता कीस मिळणार नाही.

भांडी घासताना हाच बदल रोज मुद्दाम घडवून आणला जातो. काळवंडलेल्या तांब्याच्या कळशीवर चिंच चोळली की ती लखलखते. चिंचेतले टार्टारिक आम्ल वरचा काळसर थर विरघळवते. कळशीच्या बाहेरून चिंच जे करते, तेच ती पितळेच्या पातेल्याच्या आतून आमटीत करत असते. बाहेरचे विरघळलेले तांबे मोरीतून वाहून जाते, आतले ताटात येते.

तांब्याची थोडी मात्रा शरीराला हवीच असते. रक्त तयार होणे, मज्जासंस्था, अनेक विकरांचे काम यांसाठी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण एक ते दोन मिलिग्रॅम तांबे लागते आणि ते डाळी, तेलबिया, धान्य यांतून मिळते. एकदम जास्त तांबे पोटात गेले तर जठराचे अस्तर चुरचुरते आणि मळमळ, उलटी, पोटात मुरडा सुरू होतो. कळकलेल्या ताकाची वाईट चव आणि त्यानंतरची उलटी, दोन्ही शरीराचे पहारेकरीच आहेत. म्हणून ‘आंबट पदार्थ पितळेत ठेवू नये’ हा नियम घराघरांत पक्का झाला. तो जिभेने घालून दिलेला नियम होता.

दूध आंबट नसते. त्यामुळे ते या नियमातून निसटले.

पोट वाढणारी मुले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातल्या डॉक्टरांना एक आजार भेडसावत होता. साधारण सहा महिने ते पाच वर्षे, त्यातही एक ते तीन वर्षांचे मूल अचानक चिडचिडे होई. भूक मंदावे, बारीक ताप येई, पोट हळूहळू पुढे येई. तपासल्यावर यकृत वाढलेले आणि टणक लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी, हातापायांवर सूज आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. वैद्यकशास्त्राने त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असे नाव दिले. घरी मात्र एवढेच म्हटले जाई, की ‘पोराचं लिव्हर वाढलंय’.

एकाच घरात एकापाठोपाठ दोन भावंडे दगावल्याची उदाहरणे होती. त्यामुळे आनुवंशिकतेचा संशय येई. विषाणू, कुपोषण, बुरशीचे विष असे अनेक तर्क तपासले गेले. कुपोषणाचा तर्क टिकत नव्हता, कारण आजारी पडणारी अनेक मुले खाऊनपिऊन सुखी, मध्यमवर्गीय घरांतली होती. ज्यांच्या घरी दुभते होते किंवा दूध विकत घ्यायची ऐपत होती, अशा घरांत हा आजार कसा, हे कोडे होते.

एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली मिळाला. या मुलांच्या यकृताचा तुकडा ऑर्सिन या रंगद्रव्याने रंगवला, की पेशींमध्ये तपकिरी कण भरलेले दिसत. ते तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे होते. मोजणी केल्यावर खात्री पटली. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांमध्ये ते कित्येकदा हजाराच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे होते. यकृत तांब्याने अक्षरशः गच्च भरलेले होते.

पण एवढे तांबे आले कुठून? आईच्या दुधात तांबे फार थोडे असते, गाईच्या दुधात तर त्याहूनही कमी. दूध हे तांब्याच्या दृष्टीने गरीब अन्न आहे. मग केवळ दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या मुलाच्या यकृतात हा साठा कसा झाला?

‘दूध कशात तापवता?’

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या कोड्याचा पाठपुरावा केला. आजारी मुलांच्या घरी बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले, याची बारकाईने चौकशी झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८३ मध्ये त्यांचा निबंध आला. तांबे मिसळलेले जनावराचे दूध फार लवकर सुरू करणे हे या आजाराचे कारण असू शकते, असे त्यात मांडले होते. पुढे आजारी मुलांची तुलना त्याच वयाच्या इतर मुलांशी करण्यात आली. आजारी मुलांना वरचे दूध अधिक लवकर सुरू झाले होते आणि त्यांच्या घरी ते पितळेच्या भांड्यात तापवण्याचे, ठेवण्याचे प्रमाणही कितीतरी जास्त होते.

सकाळी दूध आले की ते पितळी पातेल्यात तापवायचे, त्यातच झाकून ठेवायचे, दुपारी पुन्हा तापवायचे आणि बाळाला लागेल तसे त्यातून काढून द्यायचे, ही पद्धत स्वच्छतेच्या दृष्टीने योग्यच वाटत असे. दूध वारंवार तापवल्याने जंतू मरतात हे खरेही आहे. पण दूध त्या धातूच्या सहवासात तासन्‌तास राहत होते, तेही गरम असताना. उष्णतेने रासायनिक क्रियांचा वेग वाढतो.

आंबट नसलेल्या दुधात तांबे उतरते कसे, याचे उत्तर दुधातल्याच एका प्रथिनात आहे. केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन. पनीर, खवा, दही यांना घट्टपणा देणारे तेच. केसीनला तांब्याचे आयन धरून ठेवायची मोठी ओढ असते. भांड्याच्या पृष्ठभागावर तयार झालेले आयन ते उचलते आणि स्वतःला बांधून घेते. जागा मोकळी झाली की आणखी तांबे बाहेर येते. प्रयोगशाळेत पितळी भांड्यात दूध ठेवून हे पडताळून पाहिले गेले आणि तांबे केसीनला जोडलेले सापडले.

साखर घातलेले दूध आणि तांबे उतरलेले दूध शेजारी ठेवले तर डोळ्यांना दोन्ही सारखेच पांढरे दिसतील. दूध फाटलेले नाही, रंग बदललेला नाही, वास आलेला नाही. शाळेत पाठ केलेली एकही खूण नाही. दूध गाळले, उकळले, गार केले, पाणी घालून पातळ केले, तरी तांबे निघत नाही. हे सगळे उपाय भौतिक आहेत आणि झालेला बदल रासायनिक आहे.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत याचा परिणाम गंभीर होण्याचे कारण आहे. शरीर जादा तांबे प्रामुख्याने पित्तावाटे बाहेर टाकते. लहान बाळात ही यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. जन्मतःच त्याच्या यकृतात तांब्याचा नैसर्गिक साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो आणि तो पहिल्या काही महिन्यांत ओसरायचा असतो. नेमक्या याच काळात दिवसातून पाच-सहा वेळा तांबेयुक्त दूध पोटात गेले, तर साठा ओसरण्याऐवजी वाढत जातो. यकृताच्या पेशींत साचलेले तांबे तिथे आणखी रासायनिक बदल घडवते, पेशी मरतात, त्यांच्या जागी तंतुमय ऊती वाढते. यकृताचा सिऱ्होसिस म्हणजे हेच.

या मुलांच्या उपचारातही रसायनशास्त्रच कामी आले. डी-पेनिसिलामिन हे औषध तांब्याच्या आयनांना आपल्याशी जोडून घेते आणि लघवीवाटे बाहेर नेते. कावीळ होण्याआधी औषध सुरू झालेल्या मुलांना त्याचा फायदा झाल्याचे पुण्यातल्या अभ्यासांत दिसले. फार उशीर झालेल्या मुलांना मात्र ते वाचवू शकले नाही. तांबे बाहेर काढता येते, पण यकृतात झालेली मोठी पडझड भरून येत नाही.

सगळ्यात मोठा उपाय औषधाच्या दुकानात नव्हता. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यायचे आणि वरचे दूध द्यायचे झाल्यास ते स्टीलच्या भांड्यात तापवायचे, एवढाच तो होता. वैद्यकीय सल्ला आणि बाजारात आलेली स्वस्त स्टीलची भांडी, दोन्हींनी मिळून चित्र पालटले. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा आजार दुर्मिळ झाला. आज बालरोगशास्त्र शिकणाऱ्या अनेक तरुण डॉक्टरांनी याचा एकही रुग्ण पाहिलेला नसतो.

टायरॉलमधला पुरावा

हा आजार नावाने भारतीय असला तरी तो केवळ भारताचा नव्हता. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेकडील टायरॉल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात लहान मुलांच्या अशाच यकृतविकाराचे १३८ रुग्ण झाल्याचे १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाले. तिथेही बाळांना गाईचे दूध दिले जाई आणि ते कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तयार केले जाई. भांडी बदलली आणि आजार नाहीसा झाला.

टायरॉलच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. आजार काही कुटुंबांतच एकवटलेला होता आणि त्यामागे आनुवंशिक दोष असल्याची चिन्हे होती. भारतातही पितळेच्या भांड्यातले दूध प्यायलेल्या लाखो मुलांपैकी फार थोडी आजारी पडली. म्हणजे तांबे हे एकमेव कारण नसावे. काही मुलांच्या शरीराची तांबे बाहेर टाकण्याची क्षमता जन्मतः कमी असावी आणि भांड्यातून आलेल्या तांब्याने तो दोष उघडा पाडला असावा, असा बहुतेक तज्ज्ञांचा अंदाज आहे. आनुवंशिक दोष कोणाला बदलता आला नसता. भांडे मात्र बदलता आले.

कल्हईचे विज्ञान

एक शंका इथे येणारच. पितळेची भांडी शेकडो वर्षे वापरात होती, मग सगळ्यांनाच त्रास कसा झाला नाही? त्याचे बरेचसे श्रेय कल्हईवाल्याला जाते.

गल्लीच्या तोंडाशी खड्डा करून, भाता लावून बसणारा कल्हईवाला भौतिक आणि रासायनिक बदलांचा पूर्ण धडा करून दाखवत असे. भांडे निखाऱ्यावर तापले की तो त्यावर नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराचा लोट उठे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइडचा थर काढून टाकतो. उरलेले वायू वर जाऊन गार होताच पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण बनतात. पांढरा धूर तो हाच. रासायनिक बदलही उलटवता येतो याचे इतके सुंदर उदाहरण प्रयोगशाळेतही क्वचितच पाहायला मिळते.

मग तो कथलाची कांडी तापल्या भांड्याला टेकवी. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवले की भांडे आतून रुपेरी होई. वितळणे आणि पुन्हा घट्ट होणे हे भौतिक बदल. अगदी तळाशी, जिथे कथील आणि तांबे भेटतात, तिथे दोन्हींचा एक अतिपातळ जोडथर तयार होतो. त्यामुळे कल्हई रंगासारखी सोलून निघत नाही.

कथलावर साध्या अन्नाचा परिणाम फार कमी होतो. म्हणून कल्हईचा थर शाबूत असेपर्यंत अन्न आणि पितळ यांची गाठ पडत नाही. पण तो कागदापेक्षाही पातळ असतो. उलथन्याने, राखेने, तारेच्या घासणीने तो झिजतो. कल्हई वेळच्या वेळी केली जाई तोपर्यंत ठीक होते. खर्च, आळस किंवा कल्हईवाला गावात न आल्यामुळे ती लांबली, की भांडे आतून पिवळे दिसू लागे. ‘अजून महिनाभर चालेल’ असे म्हणून त्यातच दूध तापत राही.

आजच्या घरात

तो आजार मागे पडला, पण तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घराघरांत येऊ लागली आहेत. कोणी परंपरेच्या ओढीने घेते, कोणी आरोग्यासाठी, कोणी ती सुंदर दिसतात म्हणून. त्यांना घाबरायचे कारण नाही. कोणत्या भांड्यात कोणता पदार्थ आणि किती वेळ, एवढे कळले पाहिजे.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर साधे पाणी ठेवून सकाळी पिणे निरोगी प्रौढांसाठी सहसा सुरक्षित आहे. तांब्यामुळे पाण्यातले काही जंतू मरतात, हेही खरे. पण ते पाणी गाळण्याला, उकळण्याला पर्याय नाही आणि कोणत्याही आजारावरचे औषध नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबे नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. पाणी दिवसेंदिवस त्याच भांड्यात पडून राहू देऊ नये. भांड्यात हिरवट थर, म्हणजे कळंक दिसला तर ते घासून स्वच्छ केल्याशिवाय वापरू नये.

तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी, कोकम सरबत, ताक किंवा फळांचा रस भरू नये. सकाळी लिंबू पिळून बाटली पाठीवरच्या पिशवीत टाकली आणि दिवसभर घोट घोट प्यायले, तर ताक कळकण्याचीच क्रिया त्या बाटलीत घडत राहते. गरम पाण्यात ती आणखी जोरात होते.

पूजेच्या ताम्हणात दह्या-मधाचा अभिषेक होतो. तेच तीर्थ म्हणून घ्यायचे असेल, तर ते ताम्हणात ताटकळत न ठेवता लगेच चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढावे. पळीभर तीर्थाने निरोगी माणसाला काही होत नाही. सकाळी केलेले पंचामृत संध्याकाळपर्यंत तांब्यात ठेवून मुलांना वाटीभर देणे मात्र टाळावे.

पितळेत शिजवायचे असेल तर आतून कल्हई हवीच. कल्हई शुद्ध कथलाची आहे ना, हे विचारून घ्यावे. स्वस्तात पडते म्हणून कथलात शिसे मिसळले जाण्याचा धोका असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे आणि तेही अन्नात तसेच गुपचूप उतरते. कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये. २३२ अंश गाठायला गॅसच्या मोठ्या आचेला फार वेळ लागत नाही. घासताना तारेची घासणी नको. आतून पिवळा किंवा तांबूस रंग डोकावू लागला की भांडे बाजूला काढावे.

अ‍ॅल्युमिनियमच्या, म्हणजे बोलीतल्या ‘जर्मन’च्या भांड्यांचेही तसेच आहे. त्यावर ऑक्साइडचा एक संरक्षक थर असतो. चिंच, टोमॅटो, दही असे आंबट पदार्थ तो थर खातात. असे पदार्थ त्यात शिजवून साठवू नयेत. स्टीलला त्यातल्या क्रोमियममुळे ऑक्साइडचा पातळ पण चिवट थर मिळतो आणि ओरखडा गेला तरी तो पुन्हा तयार होतो. हा थर म्हणजेही रासायनिक बदल आहे, पण आपल्या उपयोगाचा. रोजच्या दुधासाठी, ताकासाठी, आमटीसाठी स्टील चांगले ते याच कारणाने. लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी किंवा काच उत्तम.

दोन गटांनी तांब्यापासून जास्त जपावे. पहिला गट तान्ह्या मुलांचा. बाळाचे वरचे दूध, दुधाची पावडर कालवायचे पाणी, पेज, खिमट यांपैकी काहीही तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवू किंवा ठेवू नये. दुसरा गट विल्सन्स डिसीज या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचा. त्यांच्या शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही. त्यांनी तांब्याच्या भांड्यातले पाणीही टाळावे. लहान मुलाचे यकृत वाढले असेल किंवा काविळीचे कारण सापडत नसेल, तर घरात कोणती भांडी वापरतात, हे नातेवाइकांनी आपणहून डॉक्टरांना सांगावे. डॉक्टरांनीही ते विचारावे. आजार दुर्मिळ झाला तरी प्रश्न जुना झालेला नाही.

पाहुणे म्हणून गावी गेल्यावर, माळ्यावरचे पणजीचे पातेले हौसेने खाली काढल्यावर किंवा बाळंतविड्यात पितळेची वाटी आल्यावर आधी भांड्याच्या आत डोकावून पाहावे. आतून रुपेरी असेल तर मोठ्यांच्या स्वयंपाकासाठी ते खुशाल वापरावे. पिवळे असेल तर कल्हई होईपर्यंत ते शोभेला ठेवावे. बाळाचे दूध मात्र दोन्ही वेळी स्टीलच्याच पातेल्यात तापवावे.